आजीचं फडकं आणि प्रागमधला शुक्रवार

पत्र:

ताई, आम्ही ठाण्यात राहणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. माझ्या लेकीनं यंदा दहावीची परीक्षा दिली. जूनमध्ये ती ज्यू मुलामुलींच्या एका गटाबरोबर अकरा दिवस प्राग आणि पोलंडमधल्या क्राकोला जायची आहे. सव्वीस मुलं आहेत, पाच-सहा देशांतली. भारतातून ही एकटीच. एक शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, आमचा विश्रांतीचा दिवस) प्रागला, दुसरा क्राकोला.

मुलांचा फोनवर ग्रुप झालाय. त्यात एका मुलानं हिला विचारलं, "इंडियात पण शब्बाथ असतो?" खाली हसणारे चेहरे. हिनं उत्तर दिलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं बॅग उपसली आणि आजीनं (माझ्या सासूबाईंनी) घातलेली काळ्या मनुकांची पुडी आणि किद्दूशचं (शब्बाथच्या पेयावर म्हणायच्या आशीर्वादाचं) सरबत गाळायचं मलमलचं फडकं बाहेर काढून ठेवलं. म्हणाली, "मला तिथे म्युझियम व्हायचं नाहीये." सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोललेल्या नाहीत.

शिवाय नियमांचा कागद आलाय. शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत फोन बंद. पंचवीस तास! आणि खरं सांगू का, आमच्या घरी एवढं कडक काही नसतं. शुक्रवारी दिवा लावतो, किद्दूश करतो, हामोत्सी (पावावरचा आशीर्वाद) म्हणतो, जेवतो आणि टीव्ही लावतो. शनिवारी ही रिक्षानं क्लासला जाते. तिथल्या मुलांसमोर ती उघडी पडली तर? सासूबाईंची समजूत कशी घालू? आणि तिला पाठवू तरी का?

– ठाण्याची एक आई

उत्तर:

पाठवा. हे आधीच सांगून टाकते, कारण तो प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी हळूच विचारलाय, आणि मला वाटतं तोच तुम्हाला रात्री झोपू देत नाही.

फडक्याच्या बाबतीत मी लेकीच्या बाजूची आहे. आजींनी हे वाचून माझ्यावर रुसावं, चालेल. मीही बेने इस्राएल, पुण्याची, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगच्या (आपल्या प्रार्थनागृहाच्या) पायऱ्यांवर खेळून मोठी झालेली. पुढे अशाच गटांबरोबर सोबतीला म्हणून तीनदा युरोपात जाऊन आले. एका जेवणाच्या टेबलावर एका बाईंनी मला फार प्रेमानं विचारलं होतं, "तुमच्या घराण्यानं हिंदू धर्म कधी सोडला?" मी तेव्हा चाळिशीची होते, तरी घास घशात अडकला. सोळा वर्षांच्या मुलीनं पहिल्याच दिवशी मलमलचं फडकं काढून सव्वीस जणांना प्रात्यक्षिक दाखवावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तिला आधी गर्दीत बसू दे. इतरांसारखी जीन्स, इतरांसारखे कंटाळलेले चेहरे, इतरांसारखी कुरकुर. तो तिचा हक्क आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचं मात्र मनाला लावून घेऊ नका. बहुतेक वेळा त्यात खोट नसते, निव्वळ अज्ञान असतं. त्याच्या डोळ्यांपुढचा ज्यू म्हणजे काळा कोट घातलेले त्याचे आजोबा. कोकणात नारळाच्या वाडीत राहणारा, घाणा चालवणारा, मराठी बोलणारा ज्यू त्याला कुणी दाखवलेलाच नाही. लेकीला एक वाक्य देऊन ठेवा, वापरायचं की नाही ते ती ठरवेल. "आम्हाला आमच्या शेजाऱ्यांनी नावच शब्बाथवरून दिलं होतं." बस.

आमच्या इतर वाचकांसाठी थोडं सांगते. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश कोकणात गावोगाव पसरला. आवासकर, दिवेकर, पेणकर ही आडनावं त्या गावांची. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळे. म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. ग्रंथ नव्हते, रब्बी (धर्मगुरू) नव्हते, हिब्रूही जवळजवळ विसरली गेली होती. पण 'शेमा' ही प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि हा बंद घाणा, एवढं टिकून होतं. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग, शाआर हाराहामीम, 1796मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. ठाण्याचं शाआर हाशामाईम 1879चं. म्हणजे इमारती, तास-दोन तासांच्या प्रार्थना, छापील पुस्तकं हे सगळं नंतर आलं. आधी होता तो शनिवारी न फिरणारा घाणा. 'इंडियात पण असतो?' याचं उत्तर तो घाणा केव्हाच देऊन गेलाय.

आता तुमच्या दुसऱ्या भीतीकडे येते, कारण मला ती खरी जास्त महत्त्वाची वाटते. घरी टीव्ही लावता, लेक रिक्षानं जाते, आणि आता तुम्हाला वाटतंय की तिथे पितळ उघडं पडेल. कसलं पितळ? तुम्ही शुक्रवारी दिवा लावता, किद्दूश करता, पावावर आशीर्वाद म्हणता. हे खोटं नाही ना? अशा गटांत मी जी मुलं पाहिली त्यांत शनिवारी दिव्याच्या बटणाला हात न लावणारी होती, आणि ज्यांच्या घरी शुक्रवार म्हणजे पिझ्झा असा शिरस्ता होता अशीही होती. एका मुलीनं तर पहिल्या शुक्रवारी माझ्या कानात विचारलं, "आता उभं राहायचं की बसायचं?" आईवडील दोघंही ज्यू, सिनेगॉगपासून दहा मिनिटांवर घर, पण कधी गेलीच नव्हती. तुमच्या लेकीला निदान किद्दूशचे शब्द पाठ आहेत.

एकच करू नका. जायच्या आधीचे दोन-तीन शनिवार घरात एकदम कडक शब्बाथ सुरू करू नका. टीव्हीवर चादर टाकणं, क्लास बुडवणं, असलं काही नको. मुलांना ढोंगाचा वास फार लवकर येतो. तिला सरळ सांगा: आपल्या घरी असं आहे, गटात गटाचा नियम, आणि कुणी विचारलं तर खरं सांग. नियम ती पाळेल, कारण सगळेच पाळतील. एकट्यानं फोन बंद ठेवणं शिक्षा असते. सव्वीस जणांनी मिळून बंद ठेवला की तासाभरात त्याची आठवणही राहत नाही.

फोनचं. पंचवीस तास म्हणालात, पण हिशेब जरा वेगळा आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. प्रागमध्ये जूनच्या मध्याला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. मुलं भुकेनं कासावीस होतात म्हणून पुष्कळ गट उन्हाळ्यात शब्बाथ लवकर, ऊन असतानाच स्वीकारतात. धर्मशास्त्रात त्याला जागा आहे. संपतो मात्र ताऱ्यांच्याच वेळेला, म्हणजे रात्री दहा वाजून गेल्यावर. त्यामुळे ते सव्वीस-सत्तावीस तासही होऊ शकतात. त्यात प्राग आपल्या साडेतीन तास मागे. तुमचा शब्बाथ शनिवारी आठ वाजता संपून, भांडी आवरून तुम्ही झोपलेल्या असाल, आणि लेकीचा पहिला मेसेज येईल पहाटे दोनच्या सुमारास. अडीचपर्यंत आला नाही तर लगेच दूतावास शोधायला लागू नका. हावदाला (शब्बाथच्या निरोपाची प्रार्थना) चालू असेल. गटाबरोबरच्या मोठ्या माणसांपैकी कुणाकडे तरी अडीअडचणीसाठी एक चालू फोन असतोच. तो नंबर आजच मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, हा नियमच आहे. त्या बाबतीत कडकातले कडकही एका सेकंदात फोन उचलतात.

शुक्रवार तिथे कसा जातो ते थोडं सांगते, म्हणजे तुमच्या पोटातला गोळा जरा विरघळेल. दुपारी दोननंतर नुसती धावपळ. सव्वीस जणांना मोजक्याच बाथरूमांत अंघोळी. मुली एकमेकींचे केस वाळवतायत, कुणीतरी पांढरा शर्ट इस्त्री करताना जाळलाय. खोल्यांची कुलपं हा खरा घोळ. हॉटेलांत आता चावी नसते, कार्ड असतं, आणि कार्ड म्हणजे वीज, म्हणून कडक पाळणाऱ्यांना ते शब्बाथला वापरता येत नाही. एका शहरात आम्ही हॉटेलला आधी कळवून साध्या चाव्या मागितल्या होत्या. ऐनवेळी मिळाल्या निम्म्या. उरलेल्या दारांच्या कुलपांवर, ती बसू नयेत म्हणून, आम्ही चिकटपट्ट्या लावल्या. रात्री वारा सुटला, मुलांच्या खोलीचं दार धाडकन लागलं, चिकटपट्टी खाली. सहा मुलं जेवणाच्या खोलीत गाद्या टाकून झोपली. झोपली कसली, दोनपर्यंत टेबल बडवून गात होती. बारा वर्षांनी त्यातला एक मला भेटला, तर त्याला त्या शहरातला एकही राजवाडा आठवत नव्हता. गाद्या आठवत होत्या. तर लेकीला सांगा, शुक्रवारी संध्याकाळी पायजमा, ब्रश आणि पाण्याची बाटली दाराच्या भरवशावर खोलीत ठेवू नकोस.

प्रागला गट बहुधा जुन्या-नव्या सिनेगॉगमध्ये जाईल. 1270च्या आसपासचं, युरोपात अजून रोजच्या प्रार्थनेसाठी वापरात असलेलं सगळ्यात जुनं. रस्त्यावरून काही पायऱ्या खाली उतरायचं. आत जाताना पहारा असतो, आणि युरोपातल्या पुष्कळ सिनेगॉगांत पासपोर्टची माहिती आधी कळवावी लागते. गटप्रमुखांनी ते केलंय का, एवढं विचारून घ्या. आपल्याकडे बायका बहुतेक वरच्या सज्जात बसतात, खाली सगळं दिसतं. तिथे बायकांची जागा जाडजूड भिंतीपलीकडे आहे आणि त्या भिंतीत अरुंद फटी. लेकीला राग येईल. येऊ दे, मलाही आला होता. पण त्या फटीतून 'लेखा दोदी' ऐकू आलं की राग बाजूला राहतो. हे गाणं सोळाव्या शतकात आजच्या इस्राएलमधल्या साफेद गावातल्या श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलं. कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत त्यांनी आपलं नाव गुंफून ठेवलंय. शब्बाथ ही नवरी, आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून तिचं स्वागत करतात. ठाण्यात ती हेच शब्द म्हणते. चाल तेवढी वेगळी असेल, आणि चाल दोन आठवड्यांत येते.

आणि एक गंमत तिला आधी सांगून ठेवा. 92वं स्तोत्र, शब्बाथचं, तिथे शुक्रवारी दोनदा म्हणतात. दुसऱ्यांदा सुरू झालं की न्यूयॉर्कहून आलेली मुलंही पानं उलटायला लागतात, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून. प्रागकर याची गोष्ट सांगतात ती गोलेमची. तिथले रब्बी महाराल (मृत्यू 1609) यांनी मातीचा माणूस केला होता. त्याला शब्बाथपूर्वी निश्चल करायचं राहून गेलं, तो दंगा करायला लागला, स्तोत्र चालू असताना रब्बींना बाहेर धावावं लागलं, आणि परत आल्यावर स्तोत्र पुन्हा म्हटलं. तुमच्या लेकीला ही गोष्ट आधीच माहीत असेल, तर त्या संध्याकाळी शेजारच्या बाकावर कुजबुजून सांगायला तिच्याकडे काहीतरी असेल. मुलींच्या मैत्र्या अशाच होतात. बाहेर आल्यावर समोरच्या ज्यू टाउन हॉलवरचं घड्याळ बघायला सांगा: आकड्यांच्या जागी हिब्रू अक्षरं आणि काटे उलटे फिरणारे, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे.

भाषेचंही कानावर घालून ठेवा. आपण 'शब्बाथ' म्हणतो, इस्राएलची मुलं 'शबात' म्हणतील, आणि कुणाचे आजोबा-पणजोबा पोलंड-लिथुआनियाचे असतील ती 'शाबेस'. कुणीही कुणाला दुरुस्त करायला जाऊ नये. कुणी हिला दुरुस्त केलंच, तर हसून पुन्हा 'शब्बाथ' म्हणावं.

जेवणाच्या टेबलावर दोन हाला असतात, वेणीसारखे गुंफलेले पाव, वरून कापड घातलेले. आधी वाइनवर आशीर्वाद होतो, मग पावाची पाळी. पाव मागे पडला म्हणून त्याला लाज वाटू नये, यासाठी तोवर तो झाकून ठेवतात, असं मुलांना सांगितलं जातं. मला हे फार आवडतं. जे लोक पावाच्या लाजेची काळजी घेतात, त्यांनी सोळा वर्षांच्या मुलीच्या लाजेचीही घ्यावी, आणि 'आता आपली इंडियन मैत्रीण काहीतरी स्पेशल दाखवणार' असल्या घोषणा करू नयेत. हे तुम्ही गटप्रमुखांना आधीच, लेकीला न सांगता, दोन ओळींत लिहून टाका. चांगला माणूस असेल तर त्याला कळेल.

आता ते सरबत. आजींना वाटतंय की नातीला आपल्या मनुकांची लाज वाटली. आणि नातीला वाटतंय की खरा किद्दूश वाइनचा, आपला म्हणजे गरिबांचा, चालवून घेतलेला. दोघींचंही चुकतंय, आणि हे कळायला क्राकोपेक्षा चांगलं गाव नाही.

क्राकोच्या काझिमिएझ भागात शेरोका रस्त्यावर रेमू सिनेगॉग आहे, सोळाव्या शतकातलं, मोशे इस्सेर्लेस यांच्या घराण्याचं. त्यांची कबरही मागच्याच दफनभूमीत आहे. त्यांच्या काळात साफेदमध्ये योसेफ कारो यांनी ज्यू धर्माचारांचं एक पुस्तक लिहिलं, 1565मध्ये व्हेनिसला छापलं. नाव 'शुल्हान आरुख', म्हणजे मांडून ठेवलेलं टेबल. कारो स्पॅनिश परंपरेतले, त्यांनी तिकडच्या चाली लिहिल्या. क्राकोत इस्सेर्लेसनी ते वाचलं आणि म्हणाले, आमच्याकडे पुष्कळ गोष्टी अशा होत नाहीत. त्यांनी पुस्तक फेकून दिलं नाही, कारोंना खोडून काढायलाही बसले नाहीत. आपल्याकडच्या रीतीच्या टिपा लिहिल्या, त्या मूळ मजकुरातच जागोजागी वेगळ्या अक्षरांत छापल्या जाऊ लागल्या, आणि त्या टिपांना नाव पडलं 'हामप्पा', टेबलावर अंथरायचं कापड. आजतागायत तेच पुस्तक वापरतात. एका ओळीत स्पेनची रीत, पुढच्या ओळीत पोलंडची. वेगळं करतात म्हणून कुणी कमी ज्यू ठरत नाही.

आणि त्याच पुस्तकात, शब्बाथच्या किद्दूशच्या नियमांत, कारो स्पष्ट लिहितात की मनुकांच्या वाइनवर किद्दूश करता येतो. त्याच्याही आधी ताल्मुद या प्राचीन ग्रंथात हे आहे. कोकणात द्राक्षं नव्हती, मनुका मिळत होत्या. आपल्या पणज्यांनी त्या भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या. हा जुगाड वाटतो खरा, पण तो पुस्तकात बसतो. आजींना हे वाचून दाखवा. त्यांनी हे कधी वाचलं नसेल, आणि वाचायची गरजही पडली नसेल.

तरीही पुडी आणि फडकं बॅगेत गुपचूप परत घालू नका! मी माझ्या मुलाच्या बॅगेत एकदा खोबऱ्याच्या वड्या अशाच कोंबल्या होत्या, आणि त्यानं मला त्या विमानतळावरून फोन करून सुनावलं होतं. शिवाय गटाचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू खाण्यापिण्याच्या नियमांचं असतं, त्यात घरचं काहीही चालत नाही. दुधाचे पदार्थ तर युरोपीय संघात प्रवाशांच्या सामानातून नेताच येत नाहीत, त्यामुळे पेढे, तूप आपोआप बाद. सुक्या मनुका प्रागच्या कुठल्याही दुकानात मिळतील. तिला न्यायचीच असली तर एकच गोष्ट न्यावी लागेल, ती म्हणजे कृती.

म्हणून या शुक्रवारी आजींना सांगा, सरबत तिच्याकडून करून घ्या. प्रवासाचा उल्लेख नको. गुरुवारी रात्री मनुका निवडून, धुऊन भिजत घालायच्या. शुक्रवारी दुपारी हातानं कुस्करायच्या, फडक्यात घेऊन पिळायच्या, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा पिळायच्या. पाणचट नको. आणि पिळणं, गाळणं सगळं दिवा लावायच्या आत व्हायला हवं, कारण फळ पिळणं ही शब्बाथला न करायच्या कामांपैकी आहे. हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. एरवी ती क्राकोच्या हॉटेलात शुक्रवारी रात्री नऊला फडकं पिळायला बसेल आणि सगळा गट 'अरे अरे' करत धावून येईल. तिनं तिथे केलं तर केलं, नाही तर नाही. पण सोळा वर्षांची मुलगी गुरुवारी रात्री नव्या मैत्रिणींना कंटाळून काय करेल, याचा भरवसा नाही. चांगल्या अर्थानं म्हणतेय.

शनिवारी रात्रीचं सांगायचं राहिलं, आणि तेच तुमच्या लेकीला सगळ्यात सोपं जाणार आहे. हावदाला, म्हणजे शब्बाथचा निरोप. गच्चीवर किंवा अंगणात सगळे जमतात, आकाशाकडे माना वर, कुणाला तिसरा तारा दिसला यावर वाद. एकदा आमच्याकडची गुंफलेली मेणबत्ती प्रवासात मोडली होती. दोन साध्या मेणबत्त्या जवळ धरून ज्योती एक केल्या, तसं चालतं. सुगंधासाठी मसाला हवा असतो, तो सापडेना. तेव्हा मुंबईच्या एका मुलीनं दप्तरातून बडीशेपेची डबी काढली आणि त्यातल्या वेलच्या निवडून हातावर घेतल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा-सोळा मुलं रांगेनं तिच्या तळहाताशी नाक नेत होती, आणि ती अशी उभी होती, जणू हे ती दर आठवड्याला करते. मग सगळे गायला लागले, एलियाहू हानाबी, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं गाणं. मलिद्याच्या, म्हणजे आपल्या आभाराच्या विधीच्या वेळी पोहे, खोबरं, फळांच्या ताटासमोर आपण ज्यांना हाका मारतो ते आपले एलियाहू. तुमच्या लेकीला ते नाव बाळपणापासून पाठ आहे. त्या अंधारात तिला कुणाकडे बघून ओठ हलवावे लागणार नाहीत.

तेव्हा पहाटे दोनला येणाऱ्या मेसेजची वाट बघत जागत बसू नका, आणि आलाच तर लगेच फोन लावू नका. तिला गाऊ द्या. सकाळी बोलेल.

आजींना माझा नमस्कार सांगा. फडकं कपाटात अशा जागी ठेवा की लेकीला न विचारता सापडेल, आणि पुन्हा त्याचं नाव काढू नका. आणि या शुक्रवारनंतर ते धुताना साबण लावू देऊ नका त्यांना, नुसत्या गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायचं. साबणाचा वास मलमलमध्ये बसतो आणि पुढच्या सरबताला लागतो.